पास झालेल्या लेकी आणि बिनपगारी ‘ट्रायल’

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला महिला मंडळातर्फे चार शब्द बोलायचे असा आपल्याकडे रिवाज आहे. दरवर्षी आम्ही सावित्रीमाईंवर बोलतो, रमाईवर बोलतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवता. यंदा आम्ही विषय कळवला तेव्हा समितीतल्या एका दादांनी विचारले, “हा काय वर्धापनदिनाचा विषय झाला का?” आम्ही म्हणालो, दादा, विषय आपल्याच गल्लीतला आहे, आधी ऐकून तर घ्या.

आपल्या वस्तीतल्या बऱ्याच मुली हल्ली नर्सिंगला जातात. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. कोणी लातूरला, कोणी बार्शीला, कोणी अंबाजोगाईला. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर फी निघते, पण खोलीभाडे, मेस, युनिफॉर्म, जर्नल आणि जाण्यायेण्याचे पैसे आईबापच घालतात. कोणी शेळ्या विकल्या, कोणी बचत गटातून उचलले. पोरगी पास झाली की पेढे वाटले जातात. मग ती पांढरा ड्रेस घेऊन नोकरी शोधायला निघते आणि हॉस्पिटलात पहिला शब्द ऐकते तो ‘ट्रायल’.

ट्रायल म्हणजे काय? “दोन-तीन महिने काम करून दाखव. हात बसला, काम आवडलं, तर पगार चालू करू.” या दोन-तीन महिन्यांत पगार नाही. बहुतेक ठिकाणी कागदही नाही, आणि मस्टरवर नाव नाही. कुठे एक वेळचे जेवण मिळते, कुठे तेही नाही. ड्युटी मात्र पुरी, बारा-बारा तासांची, आणि नाईट तर हमखास नव्या पोरीच्याच वाट्याला.

आता आपल्याच एका लेकीची गोष्ट सांगतो. तिला विचारून सांगतो आहोत. तिचे नाव घेणार नाही आणि हॉस्पिटलचेही घेणार नाही. शहर मोठे होते, एवढे पुरे.

जी.एन.एम. चांगल्या मार्कांनी पास झाली. आई आमच्या मंडळाची सभासद, वडील ऊसतोडीला जात होते. या लेकीला तीन महिन्यांची ट्रायल सांगितली. पहिला महिना संपला तेव्हा तिची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, पगार देईनात. पोरीनं खोलीभाडं मागितलंय. काय करावं?” आमच्यात दोघी-तिघी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आहेत. आम्हाला सगळे कळते असे लोक समजतात, आणि थोडे आम्हीही समजतो. आम्ही काय सांगितले माहीत आहे? “अगं, शिकायला मिळायलंय म्हणून समज. अनुभव वाया जात नसतो. धीर धर.” आईने कुणाकडून तरी अडीच हजार घेऊन पाठवले.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री, दोन-अडीचच्या सुमारास, पेशंटची सलाईन काढताना तिच्या बोटात सुई घुसली. ग्लोव्हजमधून रक्त आले. वॉर्डात वीसेक पेशंट आणि ती व एक मावशी, एवढीच माणसे. तिने हात धुतला आणि फोनवरून वरच्या सिस्टरला कळवले. सिस्टर म्हणाली, सकाळी बघू. सकाळी ऑफिसात गेली तर उत्तर मिळाले, “तुझं नाव आमच्या मस्टरवर नाही. तू अजून आमची स्टाफ नाहीस. तुझ्या तपासणीचा खर्च आम्ही कसा करणार?”

रात्रभर तिने वीस पेशंट सांभाळले तेव्हा ती स्टाफ होती. बोटात सुई गेली तेव्हा ती कोणीच नव्हती.

ती एस.टी.ने कळंबला आली, रडत. स्टँडवरूनच तिला उपजिल्हा रुग्णालयात नेले. अशा वेळी एच.आय.व्ही. टाळण्याच्या गोळ्या जितक्या लवकर घ्याव्यात तितके चांगले. पहिल्या दोन तासांत मिळाल्या तर उत्तम, फार तर बहात्तर तास, त्यानंतर उपयोग नाही. पुढे अठ्ठावीस दिवस त्या रोज घ्याव्या लागतात. सरकारी दवाखान्यात हे फुकट आहे. इथे बसलेल्या प्रत्येक लेकीने आणि सफाईचे काम करणाऱ्या प्रत्येक बाईने हे लक्षात ठेवावे, बाकी भाषण विसरले तरी चालेल. हिपॅटायटिस बी ची लस तिला कॉलेजात दिली होती, एवढे बरे. त्या गोळ्यांनी मळमळ होते, जेवण जात नाही. अठ्ठावीस दिवस ती आईजवळ पडून होती. पुढच्या तपासण्यांत काही निघाले नाही. पण ते तीन महिने त्या घराने कसे काढले ते आम्ही बघितले आहे. आईने आम्हाला एक शब्दही बोलला नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

नंतर पगार मागायला गेली तर म्हणाले, “तुझी ट्रायल पूर्ण झालेली नाही.” अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले, तेही नाही. म्हणजे ज्या ‘अनुभवा’साठी आम्ही तिला धीर धरायला सांगितला, तो अनुभव कागदावर कुठेच नाही.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा विचार करू लागलो. वस्तीतल्या इतर मुलींना विचारले. कोणी एक महिना फुकट केला होता, कोणी दोन. एकीने तीन ठिकाणी ट्रायल दिली आणि तिन्ही ठिकाणी ट्रायल संपायच्या आठवड्यात “जागा भरली” असे ऐकले. तिच्या जागी नवी पोरगी आली, पुन्हा ट्रायलवर! कोणी घरी सांगितले नव्हते. का सांगितले नाही म्हणून विचारले तर म्हणाल्या, “पास होऊनसुद्धा फुकट काम करतो म्हणायला लाज वाटते.” लाज कोणाला वाटायला पाहिजे आणि वाटते कोणाला!

फुकट काम हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. इथले म्हातारे बाबा सांगतील वेठ म्हणजे काय ते. निजामाच्या राज्यात आपला हा भाग होता. अंमलदार गावात आला की घोड्याला गवत घाला, लाकडे फोडा, ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवा, मयताचा सांगावा घेऊन रातोरात पळा. “तुमचं कामच आहे ते,” असे सांगितले जायचे. त्या वेठीविरुद्ध आणि वतनाविरुद्ध बाबासाहेब उभे राहिले. आपल्या शेजारच्या कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः आले. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. आपल्या कित्येक घरांत त्या दिवसाच्या आठवणी अजून सांगतात.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्याचा कायदा झाला. संविधानात कलम २३ आले, त्यात वेठबिगारीला बंदी आहे. हे कलम आपण भाषणात म्हणतो, पण त्याचा अर्थ १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी उघड करून सांगितला. दिल्लीत एशियाडची बांधकामे चालू होती, तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते, त्याचा तो खटला. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. सक्ती काठीनेच होते असे नाही. भूक आणि गरिबीमुळे माणूस ‘हो’ म्हणतो तीही सक्तीच. आणि हे कलम सरकारलाच नव्हे, खाजगी मालकालाही लागू आहे.

म्हणून कोणी म्हणाले, “तुमची पोरगी स्वतःच्या मर्जीने आली, आम्ही थोडीच ओढून आणली?” तर त्याचे उत्तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच दिलेले आहे.

कायद्याचे आणखी थोडे सांगतो, कंटाळू नका. १९४८ चा कायदा यादीत असलेल्या धंद्यांना लागू होता, आणि महाराष्ट्रात रुग्णालयातील नोकरी त्या यादीत होती. २०१९ साली संसदेने तो आणि आणखी तीन कायदे मिळून वेतन संहिता केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता यादीचा प्रश्न राहिला नाही, सगळ्याच नोकऱ्यांना किमान वेतन आहे. बुडालेल्या पगारासाठी जुन्या कायद्यात सहा महिन्यांत अर्ज करावा लागायचा, नव्यात तीन वर्षांची मुदत आहे. मालक म्हणेल, “ती नोकर नव्हती, शिकाऊ होती.” बरे, शिकाऊ उमेदवारांचाही १९६१ चा कायदा आहे. त्यात करारनामा लागतो, त्याची नोंद लागते आणि दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. तोंडी ‘ट्रायल’ त्यात कुठेच बसत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तिच्यातही नुसत्या बारावी पास प्रशिक्षणार्थीला महिना सहा हजार, पदविकेला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार ठरवले होते. तिथे शिकणाऱ्याला पैसे, आणि इथे परीक्षा पास होऊन रात्रपाळी करणारीला शून्य!

नर्सेसच्या पगारावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले होते. त्या समितीने शिफारस केली की पन्नास खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही परिचारिकेला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. ही शिफारस आहे, तेवढीच धरा. पण हिशेब करायला आकडा उपयोगी पडतो. तीन महिन्यांचे साठ हजार होतात. आपल्या त्या लेकीच्या घरी एका हंगामात तेवढे शिल्लक पडत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला निदान आधी उचल तरी मिळते. ती उचल पुढे गळ्याला कशी लागते ते आपल्याला ठाऊक आहे, ते वेगळे. पण शिकलेली लेक उचलही न घेता राबते, हे कसले पुढे जाणे?

आता सेवेबद्दल बोलू. हा प्रश्न आम्हाला तोंडावर विचारला गेला. एका डॉक्टरसाहेबांशी आम्ही बोललो, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, “नर्सिंग ही सेवा आहे. सावित्रीबाईंनी प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, तेव्हा त्यांनी पगार घेतला होता का?” आम्ही क्षणभर गप्प झालो. मग आमच्यातल्या एकीने उत्तर दिले, “सर, १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी रोग्याकडून खाटेचं भाडंही घेतलं नव्हतं.” ते हसले, आम्हीही हसलो. पण मुद्दा तोच आहे. जिथे रोग्याच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ म्हणून वेगळी ओळ असते आणि तिचे पैसे घेतले जातात, तिथे ते पैसे सेवा करणारीच्या हातात का जात नाहीत?

भगवान बुद्धांचीही गोष्ट आपल्याला माहीत आहे. अतिसाराने आजारी पडलेला भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हते. बुद्धांनी आणि आनंदाने त्याला स्वतःच्या हाताने धुतले, पुसले, खाटेवर निजवले. रोग्याची सेवा करणाऱ्याचे गुण विनयात सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य कळावे, घाणीची किळस नसावी, आणि मैत्रीने सेवा करावी, लाभाच्या आशेने नव्हे. आता कोणी म्हणेल, बघा, लाभाची आशा नको असे धम्मातच आहे! पण बाबांनो, ते भिक्खूंसाठी होते. त्यांचे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध समाज पुरवत होता. त्यांना खोलीभाडे नव्हते. आणि त्याच महावग्गात पुढे काय आहे? रोगी भिक्खू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र ज्यांनी त्याची सेवा केली त्यांना संघाने द्यावे, कारण सेवा करणाऱ्याचे उपकार मोठे आहेत. म्हणजे संघातसुद्धा सेवा करणाऱ्याला विसरले नव्हते. गृहस्थांसाठी तर सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत. झेपेल तेवढेच काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. हे आम्ही त्या डॉक्टरसाहेबांनाही सांगितले. त्यांनी डायरीत लिहून घेतले, पुढे काय केले ते माहीत नाही.

फ्लॉरेन्स नाईटिंगेलबाईंचेही बघा. ज्यांच्या नावाने आपल्या मुली दिवा हातात घेऊन शपथ घेतात, त्यांनी १८६० साली लंडनला नर्सेसची शाळा काढली. त्या स्वतः श्रीमंत घरच्या, त्यांनी पगार घेतला नाही. पण शाळेतल्या शिकाऊ मुलींना राहणे-जेवण आणि वर वर्षाला दहा पौंड मिळत. शिकत असताना, बरे का, पास झाल्यावर नव्हे.

आम्ही एकांगी बोलणार नाही. कळंबसारख्या गावात दहा-बारा खाटांचे हॉस्पिटल चालवणाऱ्याच्या अडचणी असतात. नव्या मुलीला लहान बाळाची शीर सापडत नाही, डॉक्टरला दोनदा उठावे लागते, हे आमच्यातल्या निवृत्त सिस्टर स्वतःच कबूल करतात, कारण त्यांनाही एके काळी सापडत नव्हती. मुलगी कामाची आहे का हे बघायचा हक्क मालकाला आहे. पण त्यासाठी एक दिवस बघा, एक शिफ्ट बघा. ऑस्ट्रेलियात सरकारी कामगार खाते सांगते की कसब दाखवण्यापुरती, एका तासापासून फार तर एका पाळीपर्यंतची चाचणी बिनपगारी चालेल, त्यापुढे पगार द्यायचा. अमेरिकेत १९३८ पासून कायदा आहे की कामाला लावले तर त्या तासांचे किमान वेतन द्या. तिकडेही नव्या पास झालेल्या परिचारिकांना फुकट राबवू बघणारे आहेतच म्हणा, लोभाला देश नसतो. तीन महिने, सहा महिने पारखून बघायचे असेल तर त्याला प्रोबेशन म्हणतात, आणि प्रोबेशनमध्ये पगार असतो. राहिला अनुभव. कोर्सची तीन वर्षे या मुली वॉर्डात उभ्या राहून शिकतात, शेवटी इंटर्नशिपही करतात. तो अनुभव नाही तर काय आहे?

एक अडचण खरी आहे. निकाल लागल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हातात यायला वेळ लागतो आणि तेवढ्या दिवसांत हॉस्पिटलवाले म्हणतात, “नंबर येईपर्यंत ट्रायल.” लेकींनो, हे नीट ऐका. नोंदणी नसताना नर्स म्हणून एकटीने वॉर्ड सांभाळणे तुमच्याच अंगावर येऊ शकते. औषध चुकले, पेशंटचे काही झाले, तर मस्टरवर नाव नसलेली पोरगी सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते. नंबर नाही तर एकटीने ड्युटी नाही, असे स्पष्ट सांगा.

केरळच्या मुलींनी हे सगळे आपल्या आधी भोगले. पास झाल्यावर ‘ट्रेनी’ म्हणून नाममात्र पैशात राबायचे, बॉण्ड लिहून द्यायचा, मूळ प्रमाणपत्रे हॉस्पिटलच्या कपाटात. २०११ साली मुंबईत आणि मग केरळात त्यांनी संप केले, संघटना बांधली, २०१७ ला पुन्हा रस्त्यावर आल्या. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये केरळ सरकारने खाजगी हॉस्पिटलातल्या नर्सचे किमान मूळ वेतन वीस हजार असे अधिसूचित केले. एकेकटी असती तर तिला दारातूनच परत पाठवले असते.

आता स्वतःचेही सांगायला पाहिजे. १४ एप्रिलला विहारात आपण आरोग्य शिबिर घेतो. नर्सिंगच्या मुलींना बोलावतो, दिवसभर बी.पी. आणि शुगर तपासायला बसवतो, संध्याकाळी एक गुलाबाचे फूल देतो. ते समाजाचे काम आहे, त्यात कोणी नफा खात नाही, म्हणून ट्रायलशी त्याची बरोबरी नाही. पण आपण त्यांना विचारले कधी होते का? यादीत नाव टाकून मोकळे! मागच्या वेळी एक मुलगी रात्रपाळी करून थेट शिबिराला आली होती, हे आम्हाला नंतर कळले. महिला मंडळाने ठरवले आहे की यापुढे मुलींना आधी विचारायचे, जेवण आणि जाण्यायेण्याचे पैसे द्यायचे, आणि किती तास काम केले याचे पत्र विहाराच्या लेटरहेडवर द्यायचे. समितीने त्याला मान्यता द्यावी अशी जाहीर विनंती आहे.

दुसरे, विहाराच्या कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलीने हॉस्पिटल, रुजू झाल्याची तारीख आणि ठरलेला पगार त्या वहीत लिहावा. रोजची ड्युटी स्वतःच्या वहीत तारीख-वेळेसह लिहावी, ड्युटीचा तक्ता लागला की मोबाईलवर फोटो काढावा, वरिष्ठांचे मेसेज पुसू नयेत. मस्टरवर नाव नसले तर पुढे हेच कामाला येते. मूळ प्रमाणपत्र कोणाकडे ठेवू नये, झेरॉक्स द्यावी. आणि आयांनो, पोरगी म्हणाली “पगार देईनात”, तर “धीर धर” म्हणू नका. आम्ही म्हणालो होतो.

त्या लेकीचे आता बरे आहे. लातूरला एका दवाखान्यात लागली, पगार बँकेत जमा होतो. आज ती इथे नाही, तिची ड्युटी आहे. बुडालेल्या पगारासाठी तिने कामगार कार्यालयात अर्ज दिला आहे. सहा महिने उलटायच्या आत दिला, आणि सोबत आम्ही ड्युटीच्या तक्त्याचे फोटो जोडले. अजून निकाल नाही. एक तारीख झाली, हॉस्पिटलतर्फे कोणी आले नाही. पुढची तारीख याच महिन्यात आहे. गेल्या वेळी ती आणि तिची आई अशा दोघीच बाकावर बसून होत्या. या वेळी सोबत आठ-दहा जणी तरी असाव्यात. गाडी पहाटेची आहे, बायांना अर्धे तिकीट लागते, भाकरी आम्ही बांधून आणू. ज्यांना जमेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या वहीत नाव लिहावे.

जयभीम. नमो बुद्धाय.